न ओळखलेलं सोंग

डॉर्चेस्टर, बॉस्टन
१२ सप्टेंबर १९६६

ती. बाबांस,
समुद्राच्या या काठावरून नुआलाचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. गेल्या पत्रात तुम्ही गाईच्या खोकल्याबद्दल पानभर लिहिलेत आणि स्वतःच्या खोकल्याबद्दल एक ओळ. डेलिया आपली शेजारीण आहे, डॉक्टर नाही. तिने छातीला काय चोळायला दिले ते चोळा, पण एकदा गावात जाऊन दाखवूनही या. एवढे माझ्यासाठी करा.

इथे हॅलोविनचे वारे आतापासूनच सुटले आहे. दुकानांत चेटकिणींच्या टोप्या टांगल्यात, काळ्या कापडावर हाडे रंगवलेले अंगरखे आलेत. आमच्या चर्चच्या सभागृहात मुलांची सोंगांची मेजवानी असते, आणि मुले झोपली की मोठ्यांची. आयलीन यंदा चेटकीण होणार म्हणते. तिचा बाप तिला म्हणाला, मग नवीन झगा कशाला, आईचाच घाल. त्याला त्या दिवशी मी गार सूप वाढले. भोपळे इथे एवढे मोठे असतात की कोरताना पोर आत पडेल. आपल्याकडे त्या दगडासारख्या सलगमातून दिवा कोरताना तुमचे बोट कापले होते ते मी तिला सांगितले, तर तिला ते खोटेच वाटले.

पत्राचे खरे कारण पुढे आहे. आयलीनच्या बाईंनी वर्गात सांगितले की हा सण मूळचा केल्ट लोकांचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. ज्यांचे आजोबा तिकडचे असतील त्यांनी विचारून, लिहून आणावे. तर आजोबा, म्हणजे तुम्ही, केल्ट लोकांबद्दल काय ठाऊक असेल ते कळवा. ती रोज टपालाची पेटी उघडून बघते.

गेल्या वर्षी त्या दिवशी मी आईसारखा कोबी घालून बटाटा कुस्करला. कोणी फारसा खाल्ला नाही. मीही नाही. आपल्या चुलीत जाळायच्या पीटच्या मातीच्या धुराचा वास नसला की त्याला चवच येत नाही, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते.

लोभ आहेच. पत्रात तो जरा जास्त सांडू द्या.
तुमची नुआला


नॉकरो, रॉसकॉमन
२३ सप्टेंबर १९६६

चि. नुआलास अनेक आशीर्वाद. जावईबापूंना आणि आयलीनलाही.

पत्र मंगळवारी पोचले. पाकीट एका कोपऱ्याला फाटले होते, तेव्हा आतून काही पडले तर नाही या काळजीत दोन रात्री गेल्या. काही घातले असशील तर लगेच कळव, म्हणजे मी पोस्टमनला धरतो. माझी छाती बरी आहे. गाय बरी आहे. धुराड्यात कावळ्यांनी काड्या भरल्यात, त्यामुळे घर पेटेल असे मला रोज वाटते, अजून पेटलेले नाही.

मी अकराव्या वर्षी शाळा सोडली हे त्या बाईंना सांग, म्हणजे चुका माझ्या नावावर जातील. केल्ट लोक कोण ते मला ठाऊक नाही. आमचे मास्तर एकदा म्हणाले होते की ते म्हणजे आपणच. त्यांच्या हातात छडी होती म्हणून मी मान डोलावली. आम्ही या सणाला साविन म्हणतो. साविन म्हणजे उन्हाळा सरला. गुरे डोंगरावरून खाली आणायची. तिथून वर्षाची काळोखी बाजू लागते. माझे आजोबा सांगत, त्यांच्या आजोबांच्या वेळी सगळ्या घरांतला विस्तव त्या दिवशी विझवत, टेकडीवर एकच जाळ करत आणि तिथून ज्याने त्याने नवा विस्तव घरी न्यायचा. आपल्याकडच्या मांजरांच्या गुहेतून त्या संध्याकाळी काय काय बाहेर पडते ते आयलीनला सांगू नकोस, घाबरेल. त्या दिवसानंतर काटेरी झुडपावरच्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, कारण पूका म्हणजे आपला डोंगरातला भुताळ घोडा त्यांच्यावर थुंकून जातो. थुंकतो असेच लिही. खरे काय करतो ते शाळेत सांगण्यासारखे नाही.

त्या दिवशी घरातली गेलेली माणसे घरी येतात. म्हणून दार नुसते लोटून ठेवायचे, विस्तव राखायचा आणि टेबलावर त्यांची पाने मांडायची. सोंगे घ्यायची तीही त्याचसाठी, की मेलेल्यांच्या गर्दीत जिवंत माणूस ओळखू येऊ नये. सोंगे दारोदार जातात, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. घरच्या माणसाने चालीवरून, खांद्यांवरून ओळखून नाव घ्यायचे. नाव बरोबर आले की मुखवटा काढून बसायचे, खायचे. नाही आले तर सोंग तसेच न बोलता परत जाते. तुमच्या त्या सभागृहात कोण कोणाला ओळखतो?

आता पुढचे आयलीनला वाचून दाखवू नकोस.

गेल्या साविनला अंधारून येताना पाच सोंगे घरात आली. म्हणजे पाच येणार होती, आली सहा. पाच जणांची नावे मी झटक्यात घेतली. दुकानदार टॅन्सीचा पोरगा तर बायकी झग्यात होता, पण त्याच्या बुटांची कुरकुर मी झोपेतही ओळखीन. सहावा मागे उभा होता. तोंडावर पेंढ्याचा मुखवटा, अंगावर पोते. उंच. तो माझ्याकडे बघत नव्हता, मांडलेल्या टेबलाकडे बघत होता. मी पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणालो, हा पलीकडच्या कुठल्या गावचा असणार, मी नाही ओळखत याला. सगळे हसले. तो वळला आणि गेला. मागाहून पोरांना विचारले, तर म्हणाली, आम्हाला काय माहीत मलाकीकाका, आम्ही पाच जणच निघालो होतो. हा वाटेवरच्या फाटकापाशी मागे लागला.

नुआला, त्या माणसाची उंची तुझ्या भावाची, आपल्या फिंटनची होती. फिंटनला घर सोडून सात वर्षे झाली आणि मला त्याची एक ओळ नाही. इंग्लंडात बांधकामावर माणसे पडतात, मरतात, कुणाला कळतही नाही. माझे काय चालले आहे ते तुला समजले असेल. तो मेला असेल आणि त्या दिवशी आपले पान शोधायला आला असेल, तर मी त्याला उपाशी परत पाठवले. यंदा त्याचे पान मांडावे, तर जिवंत माणसाचे पान मेलेल्यांत मांडणे म्हणजे त्याला बोलावणे धाडल्यासारखे. न मांडावे आणि तो खरेच गेलेला असेल तर? डेलियाला विचारले, ती म्हणाली, पाद्रीबाबांना विचार. पाद्रीबाबांना विचारले, ते म्हणाले, मलाकी, या सगळ्या जुन्या खुळ्या समजुती. मला तर कुठले खूळ धरावे तेच कळत नाही. तू शिकलेली आहेस. काय ते लिही, आणि साविनच्या आत लिही.

तुझ्या मायेचा मला फार आधार आहे. तो दर पंधरवड्याला टपालात घालत जा.
तुझा बाप, मलाकी


डॉर्चेस्टर
१ ऑक्टोबर १९६६

ती. बाबांस, नुआलाचा सा. न. वि. वि.

आधी खुर्चीवर बसा. बसलात?

फिंटन जिवंत आहे. कॉव्हेंट्रीत आहे, धडधाकट आहे. पाकिटातून काही पडले नव्हते बाबा, मीच एक गोष्ट त्यात घालत नव्हते, सहा वर्षे. नाताळला त्याचे कार्ड मला येते आणि दर कार्डात, घरी कळवायचं नाही, हे दोनदा लिहिलेले असते. मी त्याला शब्द दिला होता. तुमचे पत्र वाचून स्वयंपाकघरात बसून रडले, आणि मग शब्द मोडायचे ठरवले.

तो सहावा माणूस फिंटन होता. त्याने मला गेल्या नोव्हेंबरात लिहिलेले पत्र सोबत पाठवते आहे. वाचून तुम्हाला लागेल. मलाही लागले होते, आणि त्यातली एक गोष्ट मला पटली नव्हती, पण मी त्याला ती लिहिली नाही, कारण मी तिथे नव्हते. खरे काय ते तुम्हालाच माहीत. पत्ता त्याच्या पत्रावर आहे.

तुमचे उत्तर आयलीनने वर्गात वाचले. पूका थुंकतो इथे सगळी पोरे किंचाळली. बाईंनी ते भिंतीवर लावले आहे.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसे लिहा, पण लिहा.
तुमची नुआला


(सोबतचे पत्र)

कॉव्हेंट्री
६ नोव्हेंबर १९६५

प्रिय नुआलाताईस, फिंटनचा स. न. वि. वि.

मी घरी जाऊन आलो. कुणाला सांगू नकोस. रजा होती, बोटीत बसलो, आणि घराच्या वाटेवरच्या फाटकापाशी पोचलो तर पाय पुढे जाईनात. बाबांचे शेवटचे शब्द तुला ठाऊक आहेत. बत्तीस वर्षांचा बाप्या मी, आणि कुठल्या शेतात काय पेरायचे ते अजून तेच ठरवत होते. मी म्हणालो, एक शेत तरी माझ्या हाती द्या. ते म्हणाले, जा, तुझ्यावाचून या घराचं काही अडत नाही. आई गेली तेव्हा तुझी तार मला नऊ दिवसांनी मिळाली, तेही बहुधा माझ्या नावावरच लिहिले गेले असेल.

तर फाटकापाशी उभा होतो आणि लक्षात आले की आज साविन. म्हटले, सोंग घेऊन जावे. बोलायची गरज नाही. त्यांनी नाव घेतले तर मुखवटा काढीन. आपल्याच गोठ्यातला पेंढा घेतला आणि पोरांच्या मागून आत गेलो.

ताई, त्यांनी सगळ्यांची नावे घेतली. माझ्याकडे सर्वांत जास्त वेळ पाहिले आणि म्हणाले, नाही ओळखत. तेही सोसले असते. पण टेबलावर पाने मांडलेली होती. एक आजोबांचे, त्यावर त्यांचा पाइप. आणि दुसऱ्यापाशी माझा निळा मग. तोच, काठाला टवका गेलेला. त्यांनी मला मेलेल्यांत बसवले आहे. स्वतःच्या घरात स्वतःचे पान पाहिलेला मी एकटाच असेन. त्याच रात्रीची बोट धरली.

तुझा लोभ तेवढा राहू दे, बाकीचा हिशेब मिटला.
फिंटन


नॉकरो
९ ऑक्टोबर १९६६

चि. फिंटन यास अनेक आशीर्वाद.

हे चौथे पत्र. पहिली तीन चुलीत गेली. माझे अक्षर तुला लागत नसेल तर कुणाकडून वाचून घेऊ नकोस, सावकाश एकट्याने वाच.

तो मग तुझा होता. तू गेलास त्या दिवसापासून तुझ्या आईने दुसऱ्या कशातूनही चहा प्यायला नाही. तिचा स्वतःचा चांगला कप कपाटात पडून राहिला. मी म्हणायचो, होनोरा, टवक्याने ओठ कापेल, तर म्हणायची, कापू दे, माझा ओठ आहे. शेवटच्या आठवड्यात पाणीसुद्धा त्यातूनच घेतले. म्हणून साविनला मी तिच्या पानापाशी तो मग ठेवतो. दुसरे भांडे ठेवले तर तिला घर चुकल्यासारखे वाटेल. तुझे पान मी कधी मांडले नाही. ते मांडावे की नाही या काळजीत मी वर्षभर नीट जेवलेलो नाही.

दुसरे सांगतो, ते सांगायला मला लाज वाटते. तुझे नाव माझ्या ओठांवर आले होते. अगदी दातांपर्यंत. पण त्याआधी जत्रेत मी एका उंच माणसाच्या पाठीला तुझ्या नावाने हाक मारली होती, तो वळला तर कोणी घोडेविक्या. रॉसकॉमनच्या स्टेशनात तेच झाले. टॅन्सीच्या दुकानात म्हणायला लागले होते की मलाकीला हल्ली खांबसुद्धा आपला पोरगा वाटतो. म्हणून त्या दिवशी पाच पोरांच्या देखत मी नाव गिळले. मुखवट्याखाली दुसरेच तोंड निघाले असते तर मला उभे राहवले नसते. हसतील म्हणून मी भ्यालो, फिंटन. एवढेच खरे आहे.

आणि ते न अडण्याचे बोललो होतो ते खोटे होते. सगळे अडले आहे. खालच्या शेतात सात वर्षांत मी काही पेरलेले नाही. साविनला ये. तोंड उघडे ठेवून ये.

तुझ्यावर लोभ होता, आहे. तो दाखवायची रीत मला कुणी शिकवली नाही.
तुझा बाप


नॉकरो
२४ ऑक्टोबर १९६६

चि. नुआलास अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. रागावायला वेळ मिळाला नाही. फिंटनला लिहून पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टमन आता मला बघून सायकल दुसऱ्या वाटेने नेतो. पत्र पोचले नसेल, किंवा पोचून फाडले असेल, किंवा त्याने पत्ता बदलला असेल. रोज एक नवे कारण सुचते.

तर मी ठरवले आहे. मीच जातो. ओरडू नकोस. मी अथलोनच्या पलीकडे कधी गेलेलो नाही हे मला माहीत आहे. बोट बुडेल असेही वाटते. डेलियाने माझ्या कोटाच्या अस्तरात तिकीट शिवून दिले, मग मीच म्हणालो, अगं, ते दाखवायचं कसं? तेव्हा तिने कपाळावर हात मारून उसवून दिले. ती म्हणाली, मलाकी, साविनला घर सोडून कोणी जातं का, तुझी माणसं यायची आणि तू नसायचास? पण ती दार लोटून ठेवील, विस्तव राखील आणि पाने मांडील. मेलेल्यांना घराची वाट ठाऊक आहे. होनोराला मी काल थडग्यापाशी जाऊन सांगितले. ती असती तर पत्ता कळला त्याच दिवशी निघाली असती.

काही बरेवाईट झाले तर गाय डेलियाला. तुझा लोभ मी बरोबर नेतो आहे, त्याला वजन नाही.
मलाकी


कॉव्हेंट्री
१ नोव्हेंबर १९६६

चि. नुआलास, जावईबापूंस आणि आयलीनला अनेक आशीर्वाद.

बोट बुडाली नाही. मला फार मळमळले, पण शेजारची एक बाई माझ्याहून जास्त आजारी होती, तिची काळजी करण्यात वेळ गेला. काल तिन्हीसांजेला फिंटनच्या पत्त्यावर पोचलो. घरमालकीण इंग्लिश. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, वा, झकास सोंग घेतलंय तुम्ही! मी म्हणालो, बाई, हे माझे कपडे आहेत. तेव्हा बिचारी लाल झाली. म्हणाली, तुमची सगळी मंडळी आयरिश क्लबात आहेत, आज तिथे सोंगांचा नाच.

क्लबाच्या दाराशी कोट ठेवायची जागा आहे. कोट घेऊन पत्र्याचा एक बिल्ला देतात. मी त्या बिल्ल्यावरचा आकडा तीनदा वाचला, कारण तो हरवला तर कोट गेला. तो आत कोटाच्या खिशात ठेवणार होतो, मग लक्षात आले की कोट तर दिला. बनियनच्या आत घातला.

आत शंभर तरी माणसे असतील. चेटकिणी, सांगाडे, चादरी पांघरलेले, आणि आपल्याकडच्या पोरांनी गावाकडच्यासारखेच केलेले पेंढ्याचे मुखवटे. वाजंत्री कानठळ्या बसवणारी. एका पोरीने माझी मिशी ओढून पाहिली, खरी आहे का म्हणून. मी भिंतीशी उभा राहिलो. मग म्हटले, मलाकी, एवढे पाणी ओलांडलेस ते भिंतीला टेकायला का? पहिला उंच माणूस दिसला त्याच्यापुढे गेलो आणि म्हणालो, फिंटन? त्याने मुखवटा वर केला. कोणी मेयो परगण्यातला पोरगा. खो खो हसला. मी दुसऱ्याकडे गेलो. तिसऱ्याकडे गेलो. एक जण म्हणाला, काका, मी तुमचा फिंटन नाही, पण एक पेला पाजलात तर होईन. एक उंच माणूस निघाला बाईच. त्या सगळ्या सभागृहभर मी त्याचे नाव घेत फिरलो, नुआला, आणि लोक हसत होते, आणि तुला काय सांगू, मला काही झाले नाही. शेवटी उंच माणसे संपली.

कोट घ्यायला दाराशी आलो. बिल्ला सापडेना. बनियनमधून घसरून कुठे गेला देव जाणे. खिसे उलटे करत, त्या कोटवाल्याला शपथा घालत होतो की काळा कोट आहे, उजव्या बाहीला ठिगळ आहे, माझाच आहे. त्याने बिल्ला मागितलाच नाही. कोट आधीपासून त्याच्या हातावर होता. म्हणाला, चौदा जणांना विचारलंत बाबा. मी मोजत होतो.

तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. मुखवटा नव्हता. येतानाही नव्हता, मीच बिल्ल्याकडे बघत होतो. कपाळ मागे गेले आहे, चष्मा लागला आहे, हनुवटी तेवढी होनोराची आहे. उघड्या तोंडाचा माझा मुलगा दाराशी उभा आणि मी आत सोंगांत शोधत होतो. मला राग आला. मी म्हणालो, गाढवा, मग हाक का नाही मारलीस? एवढा फिरवलास म्हाताऱ्याला! तो कोटाच्या बाहीत माझा हात घालत राहिला. मग म्हणाला, तुम्ही माझं नाव घेत होतात. थांबवावंसं वाटेना.

काल क्लबात कोट सांभाळायची पाळी त्याची होती. पत्र त्याला मिळाले होते. तीन उत्तरे लिहून त्याने फाडली. सवय कुठून आली ते ठाऊक आहे. घरी येतो असे तो म्हणालेला नाही. येत नाही असेही म्हणालेला नाही. मीही विचारले नाही, त्याचे त्यालाच ठरवू दे. मी रविवारपर्यंत राहतो.

आज सकाळी आम्ही प्रार्थनेला गेलो. आता तो खिडकीशी उभा राहून दाढी करतो आहे आणि मी हे लिहितो आहे. सकाळपासून मी त्याला विनाकारण हाका मारतो आहे. फिंटन, म्हणतो. तो विचारतो, काय बाबा? मी म्हणतो, काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा मारतो. तो दर वेळी ओ देतो.

आमच्या दोघांचा लोभ एकाच पाकिटात घातला आहे. फाटले तर कळव.
तुझा बाप, मलाकी